वरोऱ्याची खाण, पूर्णेचे शेड, परळीची चिमणी

चैत्र लागला की परभणी, हिंगोली, नांदेडच्या खेड्यापाड्यांतून चंद्रपूरची वाट धरली जाते. महाकालीची यात्रा चैत्र पौर्णिमेला भरात येते आणि त्या गर्दीत मराठवाड्याचा वाटा एवढा मोठा असतो, की यात्रा भरते चंद्रपुरात पण ती मराठवाड्याची, असे म्हणायला हरकत नाही. झरपट नदीत आंघोळ, हलगीच्या तालावर पोतराज, आणि मग गोंड राणी हिराईने उभारलेल्या देवळात दर्शन. याच परिसरात महाकाली कॉलरी आहे. देवीच्या नावाने ओळखली जाणारी कोळशाची खाण आणि तिच्या आधाराने वसलेली कामगारांची वस्ती. यात्रेकरूंपैकी फार थोड्यांचे लक्ष तिकडे जाते.

ते जायला हवे. परभणीचा इतिहास सांगताना कापूस येतो, ज्वारी येते, निजामाची राजवट येते, संत जनाबाईचे गंगाखेड येते. कोळसा येत नाही. जिल्ह्यात त्याचा एक खडाही निघत नाही, म्हणून तो येत नसावा. पण गेल्या सव्वाशे वर्षांत इथली आगगाडी, पूर्णेसारखे अख्खे रेल्वेगाव आणि घराघरांतला विजेचा दिवा हे सगळे कोळशाच्या जिवावर चालले. तो कोळसा कुणीतरी, कुठेतरी, जमिनीखाली उतरून काढला. ज्या गावांनी तो काढला त्यांची हकीकत परभणीच्या इतिहासाचाच भाग आहे.

परभणीच्या शेतात विहीर खणताना काय लागते हे इथला कोणीही सांगेल. वर काळी माती, मग मुरूम, मग मांजऱ्या आणि त्याखाली काळा पाषाण. हा पाषाण म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचत गेलेला लाव्हा. कोळसा त्याच्याही फार आधीचा, पंचवीस कोटी वर्षांहून जुना, दलदलीतल्या जंगलांचा. त्यामुळे लाव्ह्याच्या पठारावर कोळसा शोधून उपयोग नाही; तो पठार संपते तिथे, नद्यांनी जुने वालुकाश्म उघडे पाडले आहेत तिथे सापडतो. गंगाखेडला घाटावरून दिसणारी गोदावरी नांदेड ओलांडून तेलंगणात उतरते, पुढे सिरोंचाजवळ तिला प्राणहिता मिळते. प्राणहिता बनते वर्धा आणि वैनगंगा यांच्या संगमातून. वर्धेच्या खोऱ्यातल्या वरोऱ्यापासून गोदावरीच्या खालच्या अंगाला असलेल्या कोत्तागुडेमपर्यंत कोळशाचा एक लांबलचक पट्टा या नद्यांच्या सोबतीने गेला आहे. एकोणिसाव्या शतकात या पट्ट्याचे दोन तुकडे झाले. वरचा इंग्रजांच्या मध्य प्रांतात, खालचा निजामाच्या राज्यात. परभणी होती निजामाची. तरी तिला पुढे दोन्ही तुकड्यांचा कोळसा लागला.

सुरुवात वरोऱ्यापासून करावी लागते, कारण महाराष्ट्राच्या भूमीवरचे पहिले कोळशाचे गाव तेच.

मुंबईहून निघालेली आगगाडी १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली. रूळ आले, इंजिने आली. पण त्यांना जाळायला देशाच्या या भागात कोळसा नव्हता. लाकूड जाळावे, नाहीतर विलायतेहून जहाजाने आलेला कोळसा मुंबईहून आत ओढावा. बंगालातला राणीगंजचा कोळसा लांब पडे. अशा वेळी चांदा (आजच्या चंद्रपूर) जिल्ह्यात, वर्धा नदीच्या खोऱ्यात कोळसा आहे ही खात्री पटली आणि सरकारने स्वतःच हात घातला. १८७० नंतर लगेच वरोऱ्याला खाण सुरू झाली. ती चालवणारे सरकारच होते, ही त्या काळी विशेष गोष्ट. बंगालातल्या खाणी खासगी कंपन्यांच्या होत्या. भूगर्भ सर्वेक्षण विभागाचे ह्यूज यांनी या खोऱ्याचा तपशीलवार अभ्यास केला आणि १८७७ मध्ये वर्धा खोऱ्यातील कोळसा क्षेत्रावरचा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच दशकात वर्ध्यापासून हिंगणघाटमार्गे वरोऱ्यापर्यंत सुमारे ४५ मैलांचा लोहमार्ग टाकला गेला. त्याचे नावच मुळी वर्धा कोल स्टेट रेल्वे.

हा फाटा कोळशासाठी टाकला, पण त्याने वाहून नेला कापूसही. हिंगणघाटचा कापूस तेव्हा इंग्लंडच्या बाजारात नावाने ओळखला जाई. कापूस आणि कोळसा एकाच रुळावर आल्यावर गिरणीवाल्यांचे लक्ष वेधले जाणारच. जमशेदजी टाटांनी आपली मोठी कापडगिरणी मुंबईत न काढता नागपुरात काढली, तेव्हा लोक चकित झाले होते. त्यांचा हिशेब साधा होता: कापूस दाराशी, आणि वरोऱ्याचा कोळसा जवळ. १ जानेवारी १८७७ रोजी, व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केले त्याच दिवशी, एम्प्रेस मिल सुरू झाली. पुढे शंभरावर वर्षे नागपूरच्या कामगारवस्तीचे जगणे या गिरणीच्या भोंग्याशी बांधलेले होते. त्या भोंग्यातली सुरुवातीची वाफ वरोऱ्याच्या जोरावर निघाली, हे नागपुरातही आता फारसे कुणाला ठाऊक नाही.

वरोऱ्याची खाण म्हणजे आज डोळ्यांसमोर येतो तो डोंगराएवढा उघडा खड्डा नव्हे. जमिनीत सरळ खाली गेलेली विहीर, तिच्या तोंडाशी वाफेचे इंजिन, आणि दोरखंडावर वर-खाली होणारा पिंजरा. खाली कोळशाच्या थरातून आडव्या-उभ्या गल्ल्या काढत जायचे आणि मधले चौकोनी तुकडे तसेच ठेवायचे. या ठेवलेल्या तुकड्यांना पिलर म्हणतात. छत त्यांच्यावरच पेललेले असते. जुन्या वाड्याचा माळा खांबांवर उभा असतो तसे. गल्लीच्या तोंडाशी माणूस पहारीने कोळसा फोडतो, दुसरा तो टोपलीत भरतो, टोपल्या छोट्या लोखंडी डब्यांत रिकाम्या होतात, डबे रुळांवरून विहिरीपाशी येतात. उजेड तेलाच्या दिव्याचा. पाणी सतत पाझरते, म्हणून पंप दिवसरात्र चालू ठेवावा लागतो. कान नेहमी छताकडे लावायचा. छत बसण्याआधी बारीक कडकड आवाज येतो आणि अनुभवी कामगार तो ओळखतो. पिलर किती जाड ठेवायचे यावर खाणीचे आयुष्य ठरे. जाड ठेवले तर कोळसा खाली अडकून राहतो, बारीक केले तर जमीन बसते.

या खोऱ्याच्या कोळशाला आणखी एक खोड आहे. तो हवेशी संबंध आला की आपोआप तापतो आणि साठवून ठेवला तर पेटतो. खाणीत मागे राहिलेला चुरा असाच धुमसू लागला की ती गल्ली भिंत बांधून बंद करावी लागते. थर जाड, वर्धा खोऱ्यात काही ठिकाणी पंधरा-वीस मीटरपर्यंत. पण माणसाच्या हाताने त्यातला खालचा थोडाच भाग काढता येई, बाकीचा वर तसाच राही. विसाव्या शतकाच्या तोंडाशी वरोऱ्यातून वर्षाला लाखभर टन कोळसा निघत होता. कोळशाबरोबर निघणाऱ्या अग्निरोधक मातीच्या विटा आणि कौलेही तिथे बनत.

मग १९०६ मध्ये ही खाण बंद झाली. काढता येण्याजोगा कोळसा संपत आला होता आणि जमीन धोक्याची झाली होती. म्हणजे अवघी पस्तीस वर्षे. एका माणसाच्या कामाच्या आयुष्याएवढी. सरकारने आपले चंबूगबाळे उचलून दक्षिणेला बल्लारपूरला नेले, तिथे नवी खाण खोदायला घेतली आणि लोहमार्गही १९०८ च्या सुमारास तिथवर वाढवला. वरोरा पुन्हा कापसाच्या बाजाराचे गाव झाले. कोळशाने ज्याला नकाशावर आणले त्या गावाचे नाव महाराष्ट्राच्या तोंडी पुन्हा आले ते बाबा आमट्यांमुळे. वरोरा नगरपालिकेचे उपाध्यक्ष असताना त्यांनी स्वतः डोक्यावरून मैला वाहिला, १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली, आणि गावाबाहेरच्या खडकाळ जमिनीवर आनंदवन उभे राहिले. ती हकीकत सर्वांना माहीत आहे, म्हणून इथे एवढेच.

वरोऱ्याच्या इतिहासातले एक पान मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. १८८२ मध्ये जमशेदजी टाटांच्या हाती एका जर्मन भूगर्भतज्ज्ञाचा अहवाल आला. फॉन श्वार्ट्झ हे त्याचे नाव. चांदा जिल्ह्यात लोहारा इथे उत्तम प्रतीचे लोहखनिज आहे आणि वरोऱ्याचा कोळसा त्याला जवळ आहे, असे त्यात होते. पोलाद कारखान्याचे स्वप्न टाटांच्या मनात तिथून घर करून बसले. त्यांनी वरोऱ्याचा कोळसा तपासून घेतला. तो पोलादाच्या भट्टीला लागणारा कोक बनण्याजोगा निघाला नाही. त्यात राख फार, ओल फार. सरकारच्या खाणपट्ट्याच्या अटीही जाचक होत्या. विचार बाजूला पडला, पण विझला नाही. वीस वर्षांनी त्यांचे चिरंजीव दोराबजी आणि अमेरिकन भूगर्भतज्ज्ञ वेल्ड पुन्हा चांद्याच्या जंगलात हिंडले. पुन्हा तोच निष्कर्ष. नाउमेद होऊन नागपुरात आलेले दोराबजी तिथल्या वस्तुसंग्रहालयात शिरले आणि त्यांना भूगर्भाच्या नकाशावर दुर्ग भागात लोहखनिजाची खूण दिसली. तिथून माग निघत निघत, प्रमथनाथ बोस यांच्या पत्राने मयूरभंज गाठले गेले आणि कारखाना उभा राहिला झारखंडात, साकचीला. आजचे जमशेदपूर. वरोऱ्याचा कोळसा थोडा वेगळा असता तर हिंदुस्थानचे पहिले मोठे पोलादनगर मराठी मुलखात असते. वर्धा खोऱ्याच्या वाट्याला मग जे काम आले ते फक्त बॉयलर पेटवण्याचे. ते त्याने आजतागायत सोडलेले नाही.

आता पट्ट्याचा दुसरा तुकडा, निजामाचा. १८७१-७२ च्या सुमारास भूगर्भ सर्वेक्षणाचे डॉ. विल्यम किंग यांना खम्मम भागातल्या येल्लंदूजवळ कोळसा आढळला. १८८६ मध्ये हैदराबाद डेक्कन कंपनी नावाची कंपनी लंडनमध्ये उभी राहिली आणि तिला संस्थानातले खनिज काढण्याचा मक्ता मिळाला. या मक्त्यात संस्थानाचे अधिकारी अब्दुल हक यांनी स्वतःचे उखळ पांढरे करून घेतल्याचा बोभाटा झाला. तो एवढा गाजला, की १८८८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटला चौकशी समिती नेमावी लागली. परभणी, औरंगाबाद, बीडच्या शेतकऱ्याच्या सारापट्टीवर चालणाऱ्या संस्थानाचा कोळसा लंडनच्या शेअर बाजारात असा उधळला जात होता. खाण मात्र सुरू झाली. १८८९ पासून कोळसा निघू लागला. तिला जवळच्या सिंगरेणी गावाचे नाव पडले आणि १९२० मध्ये सिंगरेणी कॉलरीज ही कंपनी स्थापन झाली. पुढे १९४५ मध्ये निजाम सरकारने तिचे बहुसंख्य शेअर विकत घेतले.

या कोळशाने परभणीत पाऊल टाकले ते रेल्वेच्या इंजिनात बसून. १९०० च्या सुमारास हैदराबाद ते मनमाड हा मीटरगेज मार्ग पुरा झाला. त्याचे नाव हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे. बासर, नांदेड, पूर्णा, परभणी, सेलू, जालना, औरंगाबाद असे करत तो मनमाडला मुंबईच्या रस्त्याला मिळाला. तोवर सेलू-मानवतचा कापूस बैलगाड्यांतून जात असे. आता स्टेशनापाशी वाफेवरची जिनिंग-प्रेसिंग उभी राहिली आणि गाठी बांधून थेट वॅगनीत चढू लागल्या. पाटीभर कोळसा, वॅगनभर कापूस, अशी ही देवघेव. लोहमार्ग चालवणारी निजामाची रेल्वे आपल्या राज्यातलाच, म्हणजे सिंगरेणीचा कोळसा जाळी.

पूर्णा हे त्या रेल्वेने घडवलेले गाव. १९१२ च्या सुमारास इथून हिंगोलीला फाटा निघाला, गाव जंक्शन झाले आणि इंजिनांचे मोठे शेड इथे बसले. वाफेच्या इंजिनाचे शेड म्हणजे कोळशाचे दुसरे गाव, असे म्हटले तर चुकणार नाही, कारण खाणीतून निघालेला प्रत्येक डबा पुन्हा एकदा माणसाच्या हाताखालून इथे जाई. वॅगनीतून कोळसा उतरवायचा, रचायचा, इंजिनाच्या टेंडरमध्ये भरायचा. फेरी संपवून आलेले इंजिन राखेच्या खड्ड्यावर उभे करून त्याची जाळी झाडायची. सिंगरेणीच्या कोळशात राख भरपूर, ती वितळून जाळीला चिकटून बसे. लांब सळईने तो क्लिंकर फोडून काढणे हे फायरमनच्या अंगातले पाणी काढणारे काम. ठरावीक दिवसांनी बॉयलर धुवायचा. गाडी सकाळची असेल तर इंजिन पेटवायला रात्रीच लागायचे, कारण थंड बॉयलरमध्ये वाफ धरायला कितीतरी तास जातात. धावत्या गाडीत फायरमन फावड्याने कोळसा टाकीत राही, आणि तोही कसाही नाही. आगीच्या चारी कोपऱ्यांत सारखा पसरेल असा. स्वातंत्र्यानंतर वायपी आणि वायजी जातीची नवी मीटरगेज इंजिने आली. फावडे तेच राहिले. अशा रेल्वेगावांत राखेतून अर्धवट जळालेला कोळसा वेचून आणून त्यावर चूल पेटवणाऱ्या बायकाही कोळशाच्या इतिहासात मोजायला हव्यात.

पूर्णेत आणखी एक गोष्ट घडली. खलाशी, फायरमन, गँगमन म्हणून ज्यांना काम मिळाले त्यांत भूमिहीन दलित कुटुंबांची संख्या मोठी होती. गावगाड्यात ज्यांच्या वाट्याला बलुते आणि अपमान आला, त्यांना इथे महिन्याच्या महिन्याला पगार, क्वार्टर आणि पोरांना शाळा मिळाली. पूर्णा पुढे मराठवाड्यातल्या आंबेडकरी चळवळीचे जागते ठाणे बनले, त्यामागे ही आर्थिक मोकळीक होती. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ असे जुने लोक म्हणत; कुठेच जमले नाही तर परभणी आहेच, असा त्याचा अर्थ. शेडच्या भोंग्यावर निघणाऱ्या या माणसांसाठी ती म्हण खरी ठरली.

१९५१ मध्ये निजामाची रेल्वे मध्य रेल्वेत गेली, १९६६ मध्ये दक्षिण मध्य रेल्वे स्थापन झाली. १९९० च्या दशकात मनमाड-परभणी-पूर्णा मार्ग ब्रॉडगेज झाला. वाफेची इंजिने गेली, शेडचे महत्त्व गेले. पूर्णा-अकोला मार्गही २००८ मध्ये रुंद झाला, आणि त्याआधीच २००३ मध्ये नवे विभागीय कार्यालय नांदेडला झाले. पूर्णेने हे सगळे बघितले. वरोऱ्याची खाण बंद झाली तेव्हा तिथल्या लोकांना जे वाटले असेल ते नव्वद वर्षांनी परभणी जिल्ह्यातल्या या गावाच्या वाट्याला आले.

बल्लारपूरकडे वळावे. वर्धा नदीच्या काठावर गोंड राजा बल्लाळशहाचा किल्ला, आणि त्याच्या आसपास कोळशाचे नवे गाव. सरकारने खोदलेली ही खाण पुढे खासगी मालकाकडे गेली. चांद्यात, घुग्घुसला, राजुऱ्याच्या सास्तीला अशाच खाणी निघाल्या. कामगार आले ते तेलंगणातून, छत्तीसगडातून, उत्तर हिंदुस्थानातून. बल्लारपूरच्या बाजारात आजही मराठी, तेलुगू, हिंदी, छत्तीसगडी एका दमात ऐकू येते. बायका खाली उतरत, नवऱ्याने फोडलेला कोळसा डोक्यावरून वाहून आणत. १९२९ मध्ये बायकांनी भूमिगत काम करण्यावर बंदीचा कायदेशीर नियम झाला, पण मध्य प्रांतासारख्या कोळशाच्या प्रांतांना सवलत देऊन ती टप्प्याटप्प्याने १९३९ पर्यंत लागू करायची ठरले. दुसरे महायुद्ध पेटले, कोळशाची टंचाई झाली आणि १९४३ मध्ये सरकारने ती बंदी उठवली. १९४६ मध्ये पुन्हा लागू केली. कोळसा हवा होता तेव्हा बाई खाली चालली, नको तेव्हा तिच्या अब्रूची आणि आरोग्याची आठवण झाली. आणि बंदी आल्यावर त्या घराची निम्मी मजुरी गेली, तिची भरपाई कुणी दिली नाही.

१९२९ हे बल्लारपूरच्या दृष्टीने दुसऱ्या कारणानेही मोठे वर्ष. बल्लारपूर ते काझीपेठ हा दुवा पूर्ण झाला, दिल्ली आणि मद्रास सरळ जोडले गेले आणि ग्रँड ट्रंक एक्स्प्रेस धावू लागली. मध्य प्रांताच्या टोकाला असलेले गाव देशाच्या मुख्य रस्त्यावर आले. रूळ, कोळसा, वर्धेचे पाणी आणि चांद्याच्या जंगलातला बांबू: कागद गिरणीला यापेक्षा जास्त काय लागते? नदीपलीकडे निजामाच्या राज्यात सिरपूरला अशी गिरणी आधीच आकाराला आली होती. १९४५ मध्ये बल्लारपूर पेपर अँड स्ट्रॉ बोर्ड मिल्सची स्थापना झाली. थापर घराण्याची ही कंपनी पुढे देशातल्या मोठ्या कागद कंपन्यांत गणली गेली. महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्यांच्या वह्यांचा कागद इथला. खाणीने गाव वसवले आणि गिरणीने ते टिकवले. वरोऱ्याला हे भाग्य लाभले नव्हते. शेजारच्या भद्रावतीला तर कोळशाच्या सोबत येणाऱ्या मातीने वेगळेच वळण दिले. तिथे कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी ग्रामोदय संघ उभारून कुंभारकामाला नवे तंत्र दिले.

१९७३ मध्ये कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले. १९७५ मध्ये कोल इंडिया आणि तिच्याखाली नागपूरची वेस्टर्न कोलफील्ड्स स्थापन झाली. चंद्रपूरकरांच्या तोंडी ती वेकोलि. कामगाराला भविष्य निर्वाह निधी, दवाखाना, ठरलेला पगार मिळाला. ठेकेदाराच्या मुकादमाच्या मर्जीवर जगणाऱ्या माणसासाठी हा फार मोठा बदल होता आणि त्याचे मोल कमी करता येणार नाही. त्याबरोबर खाणही पालटली. विहीर आणि पिलर मागे पडले, उघड्या खाणी आल्या. वरची माती आणि खडक सुरुंग लावून उडवायचा, डंपरने बाजूला टाकायचा आणि सगळा थर उचलायचा. ज्या कोळशाचा मोठा भाग जुन्या काळी जमिनीत राही तो आता पूर्ण निघू लागला. मात्र त्यासाठी वरचे शेत, नाला, कधी अख्खे गाव उचलावे लागते. जमीन घेतली जाते ती १९५७ च्या कोळसाधारक क्षेत्र कायद्याने. मोबदल्यात दोन एकरांमागे एक नोकरी असा कोल इंडियाचा नियम. ज्याची दीड एकर आहे त्याने काय करायचे? भावाच्या, चुलत्याच्या तुकड्यात आपला तुकडा मिसळून एकाच्या नावे नोकरी घ्यायची, आणि उरलेल्यांनी त्याच्या शब्दावर विसंबायचे. चंद्रपूर-वणी भागातल्या कितीतरी घरांत भाऊबंदकीची सुरुवात इथून झाली आहे.

कोळसा आहे तिथे वीज हे पुढचे पाऊल ठरलेलेच होते. चंद्रपूरच्या दुर्गापूरला १९८३ पासून महाऔष्णिक केंद्राचे संच सुरू होत गेले. आज त्याची क्षमता २,९२० मेगावॉट, महानिर्मितीचे हे सर्वांत मोठे औष्णिक केंद्र. राजुरा-कोरपना भागात चुनखडी, म्हणून गडचांदूर, आवारपूर, घुग्घुसला सिमेंटचे कारखाने; त्यांनाही कोळसा आणि केंद्राची राख. एकाची राख दुसऱ्याचा कच्चा माल, अशी ही साखळी हुशारीची आहे. पण २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या औद्योगिक पट्ट्यांची प्रतवारी लावली, तेव्हा चंद्रपूर ८३.८८ गुणांसह सर्वाधिक प्रदूषित पट्ट्यांत चौथे आले. चैत्रात ज्या झरपटीत परभणीचा भक्त डुबकी घेतो तिची अवस्था वेगळी सांगायला नको. खाणीतून काढलेल्या मातीच्या ढिगाऱ्यांवर झुडपे माजली आणि ताडोब्याचे वाघ-बिबटे तिथे मुक्कामाला आले. पाळीवरून परतणारा कामगार आता छताऐवजी झुडपाकडे कान लावून चालतो.

मराठवाड्याला या कोळशातून मिळाले ते परळीचे औष्णिक केंद्र. १९७१ मध्ये ३० मेगावॉटचे दोन संच, मग १९८० च्या दशकात २१० चे तीन, २००७ ते २०१६ या काळात २५० चे तीन. जुने संच आता बंद आहेत. परळी बीड जिल्ह्यात, पण पाण्यासाठी तिचा जीव परभणी जिल्ह्यात अडकलेला. कोळसा येतो तो चंद्रपूर-वणीकडून आणि सिंगरेणीकडून. म्हणजे इंग्रजांचा तुकडा आणि निजामाचा तुकडा इथे एका बंकरमध्ये एकत्र होतात. २५० मेगावॉटचा एक संच पूर्ण ताकदीने चालला तर दिवसाला साधारण एक मालगाडी, म्हणजे पावणेचार-चार हजार टन कोळसा खातो. तिन्ही मिळून बारा हजार. वरोऱ्याच्या खाणीत माणसांनी वर्षभर खपून काढलेला लाखभर टन कोळसा परळीला आठ दिवससुद्धा जेमतेम पुरला असता. या कोळशात तिसरा हिस्सा राखेचा, म्हणजे रोज चार हजार टन राख. ती साठवायची, विकायची, आणि वारा सुटला की आसपासच्या गावांनी ती श्वासात घ्यायची.

आणि पाणी. परळीला ते गोदावरीतून लागते, सोनपेठ तालुक्यातल्या खडका बंधाऱ्यातून. २०१३ च्या दुष्काळात बंधारा आटला. वरच्या धरणांत पाणी सोडण्याजोगे नव्हते, सोनपेठ-पाथरीच्या शेतकऱ्याचा ऊस वाळला, जनावरे छावण्यांत गेली. फेब्रुवारीत केंद्राचे संच एकेक करून बंद करावे लागले आणि पावसाळा लागेपर्यंत चिमणीतून धूर निघाला नाही. कंत्राटी कामगार घरी बसले, कोळसा उतरवणारे, राख वाहणारे, चहाच्या टपरीवाले सगळेच बसले. २०१५ च्या उन्हाळ्यानंतर पाण्याने पुन्हा दगा दिला आणि केंद्र पुन्हा थांबले. खडक्याच्या पाण्यावर पहिला हक्क कुणाचा, पिण्याचा, उसाचा की विजेचा, हा वाद त्या दोन वर्षांत गावागावांत झाला. वरच्या धरणातून पाणी कमी सुटले की तो पुन्हा उभा राहतो.